पुढची चाकं

मी भाऊला पाणी दिलं. चूक एवढीच. तांब्याभर पाणी, तेही माठातलं. माझ्या चुका अशाच असतात, लांबून पाहिलं तर पुण्यकर्म वाटावं.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. तीस वर्षं त्याने शिरपूरहून सातपुड्यातल्या पाड्यांवर जीप चालवली. थकल्यावर असोद्याला घरी आला आणि जीप अंगणातल्या निंबाखाली उभी केली. गेल्या दिवाळीनंतर त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. राहिला डावा हात. मागच्या न्हाणीपर्यंत त्याला जाता येईना, म्हणून निंबाखालीच नवी न्हाणी बांधायचं ठरलं. म्हणजे जीप हलवणं आलं. बोलता येत होतं तेव्हा त्याने एकच सांगून ठेवलं होतं, "चढावर नेईल त्याला द्या. भंगारात घालू नका."

हे काम माझ्याकडे आलं, कारण गाड्यांमधलं मला कळतं असा घरात समज आहे. तो मीच पसरवलेला. चारी चाकांना आपोआप जोर देणारी गाडी मी दोन वर्षांपूर्वी घेतली आणि तेव्हापासून अशा गाड्यांचा सगळा इतिहास वाचून काढला. आता मी जेवताना घसा खाकरला की मुलगी मोबाइल कानाला लावते, पलीकडे कुणी नसलं तरी.

शिरपूरकडचा एक जीपवाला बघायला आला. आजवर नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी जीप चालवलेला, पण पाड्यांवर माणसं नेणारा, म्हणजे भाऊला हवा तसाच. मागच्या केळीच्या बागेला नुकतंच पाणी दिलेलं, बांधाची वाट राड झालेली.

"नाना, चारी चाके चालतस ना?" तो म्हणाला. "तेवढं दखाडा."

भाऊला आम्ही ओट्यावर खुर्चीत आणून बसवलं होतं. मी जीप सुरू केली, शेजारी गिऱ्हाईक, आणि माझा घसा आपोआप खाकरला गेला. म्हटलं, चारी चाकांना जोर देणारी मोटार काही आजची नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हॉलंडातल्या दोन भावांनी शर्यतीसाठी केली होती. पण पक्क्या रस्त्यावर घोटाळा होतो. वळणावर पुढची चाकं लांबून फिरतात, मागची जवळून, आणि दोघांना एकाच दांड्यात बांधलं तर ती आपसात भांडतात. मळणीला खळ्यावर बैलांची पात धरतो तेव्हा बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं आणि मधल्या खांबाला, मेढीजवळ, म्हातारा बैल बांधतात, तसंच. पुढे इंग्लंडात ट्रॅक्टरवाल्यांच्याच डोक्यातून तोड निघाली. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये असा जोड बसवला, की ज्याने त्याने आपापल्या चालीने चालावं. अशा मोजक्याच गाड्या झाल्या, महाग होत्या.

"अस्सं," गिऱ्हाईक म्हणाला. त्याचं लक्ष ओट्याकडे होतं. "आबा काही सांगी ऱ्हायनात का?"

भाऊ डावा हात पुढे करून हवेत फिरवत होता. नळ पिळावा तसा. परत परत. तोंडातून नुसता आवाज.

"पाणी मागतोय," मी म्हणालो. अशा बाबतीत मी फार तत्पर. उतरलो, तांब्या भरून आणला.

वहिनी दारातून म्हणाली, "भाऊजी, आत्ताच तं पाणी पेले ते."

"तहान आहे वहिनी, असू दे." आणि मी तो तांब्या भाऊच्या डाव्या हातात दिला. हात फिरायचा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तांब्या तोंडाला लावला.

मी परत येऊन गिअरशेजारचा, चारी चाकं जोडायचा छोटा दांडा ओढला आणि जीप राडीत घातली. मागची चाकं जागच्या जागी फिरली, चिखल माझ्या शर्टापर्यंत आला, आणि जीप आसापर्यंत रुतली. गिऱ्हाईक उतरून वाकून बघू लागला.

"नाना, तुमना बठ्ठा इतिहास खरा शे," तो म्हणाला. "पन पुढला चाके फिरतस नही." चहा घेऊन तो गेला. दुसरं कुणी आलं नाही. न्हाणीचा गवंडी ठरलेला होता. पंधरवड्याने जीप भंगारवाल्याने ओढून नेली. त्या दिवशी भाऊला ओट्यावर आणायचं आम्ही टाळलं, पण आवाज आत जातोच.

न्हाणीचा पाया भरला तो बघून मी आणि बायको जळगावला आमच्या घरी परतत होतो. निघताना भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. गाडीत मी बायकोला उरलेला इतिहास सांगायला घेतला. जपानात बर्फात विजेच्या तारा बघत फिरणाऱ्या लोकांना जीप नको झाली होती, त्यांना घरच्यासारखी ऊबदार मोटार हवी होती, त्यातून पुढे सगळं निघालं. "कारण जीपला काय," मी म्हणालो, "आधी खाली उतरा, पुढच्या एकेका चाकाच्या मधोमध असलेली ती चकती हाताने अशी..."

माझा डावा हात स्टिअरिंगवरून उठून हवेत फिरला. नळ पिळावा तसा.

ती चकती फिरवल्याशिवाय आतला दांडा कितीही ओढा, पुढची चाकं जोडली जात नाहीत. लहानपणी भाऊला चाकाशी वाकलेलं मी शंभरदा पाहिलं होतं. मला वाटायचं, हवा बघतोय.

मी गाडी कडेला घेतली. बायकोला सगळं सांगितलं.

"पाणी पिऊन झालं होतं त्यांचं," ती म्हणाली. "तरी अख्खा तांब्या प्यायले. तुमचं मन राखायला. आता फिरवा गाडी, आणि तिथे गेल्यावर इतिहास सांगू नका. नुसते बसा."