कासवाची चाल

आज संत्रं सोलताना तो आंबटगोड वास आला आणि मी जर्मनीत, हायडेलबर्गमधल्या आमच्या पहिल्या, लहानशा घरात जाऊन पोचले.

लग्नानंतर सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. ते अबोल, आणि मला त्यांचा धाक वाटायचा. बाहेर बर्फ, नवरा ऑफिसात. वेळ जाईना म्हणून मी चिनी पुराणकथांवरचा एक व्हिडिओ गेम लावला. बुद्धिबळासारखा आळीपाळीनं खेळायचा. बाबा संत्रं सोलत मागून बघत होते. माझ्या सैन्यातली जखमी कोल्हीण मी शत्रूच्या ड्रॅगनपुढे सरकवणार, तोच ते ओरडले, "अगं, ती मरेल ना! कासवाला पुढे घे, त्याची पाठ टणक आहे!"

"अहो बाबा, मग तुम्हीच खेळा ना!"

त्यांनी खरंच कंट्रोलर घेतला. बराच विचार करून कासव पुढे नेलं, आणि थोड्या वेळानं ड्रॅगन कोसळला. बाबा सोफ्यावरून उठून चक्क नाचले.

संध्याकाळी नवरा बेल वाजवत राहिला. बाबांनी आतूनच सांगितलं, "थांब रे जरा, आमची चाल चालू आहे!"

तेव्हा मी नुसती हसत सुटले होते. त्या 'आमची'मध्ये त्यांनी मलाही धरलं होतं, हे आज जाणवतं.