हो की न्हाई, तेवढं सांगा

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर औषधांच्या रांगेत उभी होते, तेव्हा वॉर्डातून फोन आला. "पेशंटचे नातेवाईक ना? जरा वर या." मी विचारलं, "गेली का?" पलीकडची सिस्टर म्हणाली, "तुम्ही वर या, डॉक्टर बोलतील." मी लिफ्टची वाट न बघता जिना चढले. आता घाई कसली होती, कोण जाणे. सिंधूअक्का, माझी थोरली जाऊ, गेली होती. त्याला आता महिना उलटून गेला. आदल्या दिवशी तिने मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं जे उत्तर दिलं, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही... पण त्याआधी अक्का कोण होती, ते सांगायला हवं.

मी बुधवार पेठेतली. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, घरात बोलणं कमी आणि टोमणे जास्त. लग्न होऊन कात्रजच्या पुढच्या गावात आले तेव्हा तिथे शेत होतं, म्हशी होत्या आणि अक्का होती. मी शाळेत मराठी शिकवायला जायचे, ती धारा काढून माझा डबा भरायची. सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायचे, ते तिनेच मोडलं. "मी काय तुझी हेडमास्तरीन हाय व्हय?" आमच्या दोघींचे नवरे दोन वर्षांच्या अंतराने गेले, तिला मूलबाळ नव्हतं, माझी लेक नाशिकला दिलेली. घरात आम्ही दोघीच उरलो. मधल्या काळात गाव महापालिकेत गेलं, शेतांत इमारती आल्या, पण पाणी टँकरचंच राहिलं. तेही दिवसाआड, आणि ड्रायव्हरची मर्जी असेल तेव्हा.

निवडणूक आली की गल्लीत प्रचारफेरी यायची. पुढे हलगी, मागे उमेदवार, आणि त्याच्याही आधी एक कार्यकर्ता घराघरांत सांगत यायचा, "ताटं तयार ठेवा, साहेब आलेच." बायका दारात औक्षण करायच्या. अक्काही उभी राहायची. निरांजन, कुंकू, अक्षता, सगळं साग्रसंगीत. उमेदवार सवयीने कपाळ पुढे करायचा आणि अक्का हात मागे घ्यायची. "लावते की कुंकू. आधी सांगा, आमच्या नळाला पानी येनार का न्हाई? आन् येनार आसंल तर कवा?" एक जण म्हणाला, "आम्ही याबाबत सकारात्मक आहोत." "हो की न्हाई, तेवढं सांगा." "तत्त्वतः मान्यता मिळालेली आहे, अक्का." "तत्त्वतः म्हंजी किती हंडं?" दुसऱ्याने प्रश्न ऐरणीवर आणायचं वचन दिलं, तर ही म्हणाली, "ऐरणीवर ठिवून धा वर्सं झाली, घण कुनी आनायचा?" हलगी थांबायची, मागे ढकलाढकली व्हायची, आणि साहेब ओशाळं हसत कोरड्या कपाळाने पुढच्या दाराला जायचे. मी आत पदर तोंडात धरून हसायचे.

एकदा मी तिला विचारलं, "अगं अक्का, समज एखादा नाही म्हणाला, तर?" ती भाकरी थापत होती. "तर लई बरं. न्हाई म्हनला की मानूस दुसरी सोय बघतंय. ह्ये लवकरच-लवकरच आयकून आपन नुस्तं बसून ऱ्हातो."

आणि एकदा एक जण खरंच नाही म्हणाला. विलास, पलीकडच्या गल्लीतला, माझ्याच वर्गातून गेलेला पोरगा, अपक्ष उभा होता. अक्काच्या प्रश्नावर त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "नाही अक्का. पाच वर्षं तरी नाही. टाकीला जागाच ताब्यात नाही, खोटं कशाला बोलू?" अक्काने त्याला कुंकू लावलं, ओवाळलं आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पुढच्याच आठवड्यात गवंडी बोलावून तिने गोठ्याच्या जागी मोठा हौद बांधून घेतला. पुढाऱ्यामुळे आमचं झालेलं ते एकमेव काम. विलासचं मात्र डिपॉझिट गेलं. त्याच्या गल्लीनेसुद्धा त्या तत्त्वतःवाल्यालाच मतं दिली. लोकांना खोटं बोललेलं खपत नाही म्हणतात... खरं बोललेलं त्याहून खपत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या खेपेला विलास मोठ्या पक्षाकडून उभा राहिला. अक्काने सकाळपासून ताट लावून ठेवलं होतं. तो आला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेजारी फोटो काढणारा. तिने कौतुकानेच विचारलं, तर म्हणाला, "अक्का, आम्ही पूर्णपणे सकारात्मक आहोत. पाठपुरावा चालू आहे." ती बघतच राहिली. "विलास, आरं म्या हाय... मला तरी सांग." तो तिच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत हात जोडून उभा होता. तिने ताट ओट्यावर ठेवलं आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. "चांगलं पोर व्हतं गं," एवढंच म्हणाली आणि रडली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं, नवरा गेला तेव्हाही ती रडली नव्हती. विलास भरघोस मतांनी निवडून आला. पाणी आलं नाही. त्यानंतर हलगी वाजली की अक्का दार लावून घ्यायची.

यंदा तिच्या पोटात गाठ निघाली, आणि ती पसरलेली होती. डॉक्टर भला माणूस. मला बाहेर बोलावून त्याने स्वच्छ सांगितलं, "दोन-तीन दिवस आहेत. घरी न्यायचं असेल तर आजच न्या." मी आत गेले. अक्काने माझा हात धरला. "काय म्हनला डाक्टर? म्या वाचनार का न्हाई? न्हाई आसंल तर आत्ताच गाडी बोलीव. मला हितं मरायचं न्हाई. आपल्या दारात टाक मला, बाया येतील-जातील, दोन शब्द बोलतील..."

तीस वर्षं मराठी शिकवलेली मी. माझ्या तोंडून आलं, "डॉक्टर सकारात्मक आहेत, अक्का. प्रयत्न चालू आहेत."

"मंग घरी कवा?"

"लवकरच."

तिला धीर द्यावा म्हणून बोलले, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. ते खरं नाही. धीर मलाच हवा होता. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, "बरं" म्हणाली आणि कूस बदलली. तिला अर्थ समजला नसेल असं कसं म्हणू? ही भाषा तिने जन्मभर दारात उभी राहून ऐकली होती. पुन्हा विचारलं असतं तर कदाचित मी बोलले असते, पण तिने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, हिरव्या पडद्याआड, ओळखीचं एकही माणूस जवळ नसताना ती गेली. तिने मागितली होती ती एक गाडी आणि स्वतःचं दार. दोन्ही माझ्या हातात होतं.

दहाव्यानंतर विलास भेटायला आला. सतरंजीवर बसला आणि म्हणाला, "बाई, अक्कांसारखं सरळ बोलणारं माणूस आता उरलं नाही." एरवी मी त्याला उभा-आडवा घेतला असता, पेठेतली जीभ आहे माझी. पण मी म्हणाले, "खरं आहे." मग आम्ही दोघंही खाली बघत बसून राहिलो.