मागच्या बाकावरची सही

मियाओ बाई आता शाळेच्या लायब्ररीत बसतात. पुस्तकांवर शिक्के मारतात, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालतात, आणि मागून कोणी हाक मारली तर वळत नाहीत. गावात त्यांच्याबद्दल दोन तऱ्हेने बोललं जातं. काहीजण म्हणतात, बाईने पोरांचं वाटोळं केलं. काहीजण म्हणतात, स्वतःची नोकरी पणाला लावून पोरांना वाचवलं. दोन्ही बाजूंना अर्धंच ठाऊक आहे, आणि चहाच्या दुकानात बसून बोलायला तेवढं पुरतं. सगळं मला ठाऊक आहे, कारण त्यातलं निम्मं पाप माझं आहे.

मी छिन. आधी बाईंची विद्यार्थिनी, मग त्याच शाळेत त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारी इंग्रजीची शिक्षिका. सतरा वर्षं त्यांच्या डब्यातलं तिखट लोणचं खाल्लंय मी.

आमच्या डोंगराळ तालुक्यात इंग्रजी बोलणारा माणूस कोणी पाहिलेला नाही. तरी बारावीच्या मोठ्या परीक्षेत इंग्रजीच्या दीडशे मार्कांपैकी तीस नुसते ऐकण्याचे असतात. भिंतीवरच्या स्पीकरमधून एक बाई आणि एक बुवा बोलतात. कोणाची छत्री हरवलेली असते, कोणाला दाताच्या डॉक्टरकडे जायचं असतं. वीस मिनिटं, वीस प्रश्न. गणितात हुशार असलेली आमची पोरं त्या छत्रीपायी घामाघूम होऊन बसतात.

या वीस मिनिटांसाठी मियाओ बाईंनी आयुष्य घातलं. त्या स्वतः इंग्रजी शिकल्या त्या एका मास्तरांकडून, ज्यांनी जन्मात इंग्रजाचा आवाज ऐकला नव्हता. पुढे शहरात कॉलेजात गेल्यावर त्यांच्या कानांवर पहिली कॅसेट पडली, आणि एक अक्षर कळेना. "मला वाटायचं मला इंग्रजी येतं," त्या सांगत. "येत होतं ते कागदावर गं. कान कोरेच होते." मग त्यांनी एक टेपरेकॉर्डर मिळवला आणि फीत ढिली पडेपर्यंत एकेक वाक्य ऐकलं. ढिली पडली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. आपल्या पोरांवर अशी वेळ येऊ नये, एवढंच त्यांना वाटे.

वर्गात त्यांचे नियम ठरलेले. आवाज सुरू व्हायच्या आधी पर्याय वाचून काढा. कानावर पडलेला पहिला शब्द उचलू नका, तो बहुतेक सापळाच असतो. एक प्रश्न हुकला तर त्याच्यासाठी रडत बसू नका, तोवर पुढचा निसटतो. रोज सकाळी सातला वर्गात येऊन त्या बरोबर स्पीकरखाली उभ्या राहत आणि आवाज पूर्ण मोठा करत. सव्वीस वर्षं त्या जागी उभ्या राहिल्या. मागच्या पोराला ऐकू गेलं पाहिजे, म्हणून स्वतःच्या डोक्यावर ते भोंगे वाजवून घेतले.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही पटांगणातल्या कापराच्या झाडांखालून चाललो होतो. झाडांवरचे किडे इतके किरकिरत होते की मला ओरडून बोलावं लागत होतं. बाई वर बघून म्हणाल्या, "यंदा किडे गप्प कसे गं? फवारणी केली का?"

मी त्यांना बळेबळे शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात, तो म्हणाला. माणसं बोललेली कळतील, पण अर्धवट. उरलेलं तुम्ही ओठ बघून आणि अंदाजाने भरून काढता आहात. यंत्र लावा. बसमधून उतरताना बाईंनी माझा हात घट्ट धरला.

"छिन, कानाला यंत्र लावून ऐकण्याचा तास घेणारी बाई बघितलीस कुठे? आईबाप शाळा डोक्यावर घेतील. रिटायर व्हायला चार वर्षं उरलीत. तेवढी काढू दे मला."

"पण बाई, कळल्याशिवाय राहील का?"

"तू सांगितलंस तर कळेल."

मी सांगितलं नाही. मला तीसपैकी सत्तावीस त्यांच्यामुळे मिळाले होते. त्यांच्याविरुद्ध तोंड उघडणं जिवावर आलं. शिवाय त्यांचं अडत कुठे होतं? वीस वर्षांच्या सगळ्या ध्वनिफिती त्यांना तोंडपाठ. कुठे थांबतात, कुठे ती बाई हसते, सगळं पाठ. नवीन फीत आली की आदल्या दिवशी मी त्यांना मजकूर लिहून देई. वर्गातल्या पोरांना कळू नये म्हणून मी आणखी एक गोष्ट केली, आणि तीच पुढे नडली. थान ज्येयू नावाची मुलगी होती, तिला मी पहिल्या बाकावर बसवली आणि कानात सांगितलं, "बाईंना जरा सांभाळून घे. फीत सुरू झाली की पेन आडवं ठेव, संपली की उभं, म्हणजे त्यांना बघून कळेल. कोणाजवळ बोलू नकोस."

ज्येयू डोंगरापलीकडच्या वाडीतली. आजोबांनी वाढवलेली, बोलणं कमी. पहिल्या चाचणीत ऐकण्यात तिला सात मार्क मिळाले होते. बाईंनी तिला दुपारच्या सुट्टीत आपल्या खोलीवर बसवून, स्वतःच्या हातची तांदळाच्या शेवयांची वाटी समोर ठेवून, दोन वर्षं तयार केलं. सातचे चोवीस झाले. तिला शिक्षकांच्या कॉलेजात जायचं होतं, आणि तिथं शिरायला तिला यातला एकही मार्क सोडून चालणार नव्हता. "हिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," बाई म्हणायच्या.

परीक्षेच्या दोन दिवस आधी आमच्याकडे आवाज तपासतात. प्रत्येक खोलीत इंग्रजीचा एक शिक्षक जातो, चारही कोपऱ्यांत आणि मधल्या बाकावर बसून जुनी फीत ऐकतो, आणि 'पाचही ठिकाणी आवाज स्वच्छ' अशा कागदावर सही करतो. तो कागद दारावर चिकटवला जातो. यंदा दुसरा मजला बाईंकडे, तिसरा माझ्याकडे.

मी जिन्यात त्यांना गाठलं. "दोन्ही मजले मी बघते, बाई. तुम्ही पायऱ्या कशाला चढता?"

त्या भडकल्याच. "का? माझे पाय मोडलेत? सरळ बोल ना काय ते! अजून मेले नाहीये मी!"

वरून शिपाई बघत होता. मी नाक मुठीत धरून तिसऱ्या मजल्यावर गेले. मला वाटलं, स्पीकर नवे आहेत, काय होणार आहे? आळशी मनाला हे असं काहीतरी पटकन वाटतं.

तपासणीला लावतात ती फीत सहा वर्षं तीच आहे. त्यात एक माणूस स्टेशनवर पोचतो आणि गाडी सुटलेली असते. चौदा नंबरच्या खोलीत बाई मागच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या, डोळे मिटले आणि त्या माणसाची गाडी सुटताना अगदी स्वच्छ ऐकली. तिथल्या स्पीकरचा पडदा फाटलेला होता, शब्दाशब्दाला चरचर येत होती. ती बाईंपर्यंत पोचलीच नाही. ऐकू येत होतं ते त्यांच्या डोक्यातलं. त्यांनी सही केली, वळणदार, नेहमीसारखी.

आठ तारखेला दुपारी तीनचा पेपर. गावाने नेहमीप्रमाणे श्वास रोखला होता. ऐकण्याच्या वेळी आवाज नको म्हणून रस्ता बंद, बांधकाम बंद, शिपाई लांब बांबू घेऊन झाडांवरचे किडे हुसकत होते. फाटकाशी आया शुभ म्हणून लाल झगे घालून उभ्या होत्या. ज्येयू आत जाताना बाईंच्या समोर थांबली, त्यांना ओठ दिसतील अशी.

"चौदा नंबर, बाई. शेवटचं बाक, खिडकीकडचं."

"छान झालं. मी स्वतः तपासलंय ते," बाई म्हणाल्या आणि तिच्या हातात पानात बांधलेला चिकट भाताचा गोळा कोंबला. "जा. आणि हुकलं तर?"

"रडत बसायचं नाही."

साडेतीनला खालच्या खोलीत, जिथे आम्ही तपासणीवाले शिक्षक बसून होतो, उपमुख्याध्यापक लियाव सर आले. हातात दारावरचा कागद. घामाने कॉलर भिजलेली.

"चौदामध्ये एका पोराने हात वर केला. मागे चरचर होती म्हणतो. बाई, सही तुमची आहे. कसा होता आवाज?"

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघून घेतलं. "साफ होता."

"नक्की?"

"सव्वीस वर्षं हेच करतेय, लियाव सर."

"तेच म्हणतो मी." सरांनी सुस्कारा सोडला. "मागच्या कोपऱ्यातल्या चौघांकडून चिठ्ठ्या घेतल्या. तिघं म्हणतात चरचर, एक म्हणते साफ. वर तुमची सही. पोरं घाबरली असतील, दुसरं काय! खरंच बिघाड असता तर पाचनंतर तक्रारवाल्यांना वेगळ्या खोलीत पुन्हा ऐकवता आलं असतं. पण कागद साफ म्हणतोय, तर मी कशाच्या जोरावर ऐकवू?"

ते गेले. मी तोंडात मूग गिळून बसले होते. मला उठून सांगता आलं असतं: सर, यांना चरचर ऐकूच येत नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. चार वाजले. सव्वाचार. भित्री माणसं स्वतःला निष्ठावान समजतात, त्यातली मी एक.

साडेचारला बाईंनी माझा दंड धरला. "छिन, खरं सांग. किडे परत आले का झाडांवर?"

खिडकी उघडी होती. पळवलेले किडे केव्हाच परतून बेभान ओरडत होते.

"आले, बाई."

"केव्हापासून?"

"तास झाला."

त्या उठल्या. ब्लाऊज नीट केला. "माझी पोर बसलीय त्या कोपऱ्यात," त्या म्हणाल्या, "आणि मी म्हणते साफ." मी मागोमाग गेले. लियाव सरांच्या दारात उभं राहून त्या, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या, "माझी सही खोटी धरा. मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. डॉक्टरचा कागद घरी आहे."

सर आधी हसले, मग त्यांचं तोंड पडलं. "मियाओ बाई, याचा अर्थ कळतोय तुम्हाला? याच्यानंतर वर्गात..."

"पाच वाजायला वीस मिनिटं आहेत," बाई म्हणाल्या. "पोरांना थांबवा."

थांबवलं. पाचची घंटा झाली. तक्रार केलेल्या तिघांना बाजूच्या खोलीत नेलं, दार लावलं, नवीन स्पीकर आणला. बाकीची पोरं जिन्यावरून धो धो उतरली. बाई पायरीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखा चेहरा. नोकरी गेल्यात जमा होती, तरी मला त्या क्षणी तरुण वाटल्या.

"तिला वेळ लागेल आता," त्या म्हणाल्या. "पुन्हा वीस प्रश्न. भूक लागली असेल पोरीला."

आणि गर्दीतून ज्येयू खाली आली.

बाईंनी एकदम तिचे खांदे धरले. "तू बाहेर कशी? तुला थांबवलं नाही? आवाज कसा होता मागे?"

ज्येयू त्यांच्याकडे सरळ बघत, ओठ नीट हलवत म्हणाली, "साफ होता, बाई. एकदम साफ." हसलीसुद्धा. मग पाण्याची बाटली घ्यायला वाकल्यासारखी वळली, पाठ बाईंकडे करून, आणि मला म्हणाली, "काही नाही कळलं, छिन बाई. नुसती चरचर. चिठ्ठी दिली तेव्हा वाटलं, दारावर आपल्या बाईंची सही आहे. मी खरं लिहिलं तर सगळ्यांना कळेल."

आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं. खोलीबाहेर पाऊल टाकलेल्या पोराला परत घेत नाहीत. आणि तिनेच तर 'साफ' लिहून दिलं होतं. निकालात ज्येयूला आठ मार्क कमी पडले. ती आता शेजारच्या तालुक्यात पुन्हा बारावीला बसलीय. बाई दर रविवारी शेवयांचा डबा घेऊन तिकडे जातात.

पण त्या संध्याकाळी, पायरीवर, बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हणाली ती? पाठ फिरवून काय बोलली?"

भूक लागलीय म्हणाली, असं सांगणं सोपं होतं. तीन वर्षं मी तेच करत आले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि एकेक शब्द सावकाश, जसाच्या तसा सांगितला.

बाई मटकन पायरीवर बसल्या. वरच्या बंद खोलीत ती तीन पोरं दुसऱ्यांदा ऐकत होती. झाडांवर किड्यांनी नुसता कल्लोळ मांडला होता. ज्येयू लांब फाटकापाशी आजोबांना शोधत होती.

"खोटं बोलून मला झाकायचं," बाई म्हणाल्या, "हे हिला शिकवलं कोणी गं?"

मी शिकवलं होतं. पहिल्या बाकावर बसवून, कानात सांगून.