मोटरच्या खोलीची किल्ली

चार भाडेकरूंचा कारभार मी एकहाती सांभाळतो, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत होतो. निवृत्त प्राध्यापकाला सांगण्यासारखं काहीतरी लागतं. पहाटे पाणी आलं की जिन्याखालच्या खोलीत जाऊन मोटर सुरू करायची, खोलीला कुलूप लावायचं, किल्ली शेजारच्या खिळ्याला अडकवायची आणि वर येऊन पेपर उघडायचा. मोटर बंद आपोआप होत असे. तसं काही यंत्र बसवल्याचं आठवत नव्हतं. पण सुरळीत चाललेल्या गोष्टीला प्रश्न विचारू नये, हे मी नोकरीत शिकलो होतो.

गेल्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला आम्ही दोघं पुण्याला निघालो. पहाटे मोटर सुरू केली, आणि प्रवासाला जायचं म्हणून खबरदारी घेत किल्ली खिशात टाकली. कराडला चहा समोर आला तोच वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा फोन.

"काका, टाकी भरून वाहायलीय की! मोटरच्या खोलीला कुलूप हाय. तोडू का?"

"अजिबात नाही. मी येतोय."

मालकाला शोभेल असंच बोललो. पोचेपर्यंत मोटर जळली होती. वाढदिवस आमच्याशिवाय झाला. फाटकाशी बायको म्हणाली, "माणूस ठेवा. नाहीतर पुढच्या वाढदिवसाला मी एकटी जाईन, आणि तिकडंच राहीन."

मी माणूस शोधला. आला तो मॅनेजर. भर उन्हात सूट, आणि कार्ड एवढं मोठं की पाकिटात मावेना.

"तुमची सिस्टीम काय आहे, सर?"

"खिळा," मी म्हणालो. त्यानं ते लिहून घेतलं.

"पण असा माणूस नेमका कधी नेमावा?" मी विचारलं. त्यानं रंगीत तक्ता उलगडला. बायकोनं पोह्यांची बशी तक्त्यावरच ठेवली. "कराडहून परत यायला लागलं की," ती म्हणाली.

त्यानं सगळ्या भाडेकरूंना भेटून आठवड्यात अहवाल आणला. गुळगुळीत कागद, पारदर्शक मुखपृष्ठ. अडचण आली तर कुणाला सांगता, या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच होतं : भाभींना. भाभी म्हणजे तळमजल्यावर ब्लाऊज शिवणाऱ्या आमच्या सर्वांत जुन्या भाडेकरू. फ्यूज उडाला, भाभी. प्लंबर हवा, भाभी. टाकी भरली की मोटर बंद करायची, भाभी. आणि भाभी नसल्या तर? 'मग काका.' मी चौथ्या पानावर होतो. त्या दिवशी भाभी भाचीच्या लग्नाला हुपरीला गेल्या होत्या, असं तळटीपेत होतं.

भाभींना 'स्थानिक समन्वयक' नेमावं आणि त्यांच्यावर देखरेखीला खुद्द त्याला ठेवावं, असं मॅनेजरनं सुचवलं.

"त्या हे इतकी वर्षं करतायत," बायको म्हणाली. "आणि देखरेखीला हे होतेच की. त्याला सूट कशाला?"

मॅनेजर पोहे संपवून गेला. आम्ही खाली उतरलो. मी घसा खाकरून, पदवीदान समारंभाच्या आवाजात विचारलं, "भाभी, आमच्या घराच्या व्यवस्थापनाची जबाबदारी आपण स्वीकाराल का?"

भाभींनी तोंडातली टाचणी काढली. "स्वीकारलीयच की, काका. तुमास्नी आज कळालं व्हय?"

"म्हणजे, रीतसर. भाडं कमी करून."

"करा की. पण एक हाय. मोटरला तुम्ही हात लावायचा न्हाय. चालू बी मीच करणार."

"अहो, पण चालू तर मी..."

"बंद करायची ध्यानात ठेवतीय मी. चालू करायला काय कालेजात जायला लागतंय?"

विचार करायला मी एक दिवस मागणार होतो. बायकोनं तोवर मान डोलावून टाकली होती.

यंदा आम्ही पुन्हा निघालो. कराड, तेच हॉटेल, चहा. फोन वाजला. भाभी होत्या.

"काका, किल्ली खिळ्याला न्हाय."

हात आपोआप खिशाकडं गेला. होती. निघताना कुलूप ओढून बघायची सवय; खिळ्यावरून किल्ली कधी काढून घेतली कळलंच नाही. बायको माझ्याकडं बघत होती.

"भाभी, मी येतो परत..."

"परत कशाला? कुलूप तोडलं मघाच. पाणी चढतंय वर. नवीन कुलूप आणलंय, आन् त्याची किल्ली तुमास्नी मिळायची न्हाय. एवढंच सांगायला फोन केल्ता. काकूंना सांगा, पोरीला माझा आशीर्वाद."

मी निरोप सांगितला. बायकोनं हात पुढं केला. मी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती माझ्या रिकाम्या कपात टाकली आणि कप पोऱ्याच्या ट्रेमध्ये ठेवून दिला.

"चला," ती म्हणाली. "केक पाचला कापायचाय."