पिवळ्या गुरांची चौकशी

नाव: मोन्नामेत्सी रामोदी. वय: ओळखपत्राप्रमाणे त्रेसष्ट, मातोश्रींच्या म्हणण्याप्रमाणे जन्म लाळ-खुरकताच्या मोठ्या साथीच्या वर्षी, म्हणजे थोडं पुढेमागे. ओळखीची खूण: डावा डोळा बारीक, समोरचा इसम बोलू लागल्यास अधिक बारीक. नोकरी: पशुवैद्यकीय खात्याच्या कुंपणावर फाटकवाला, सलग एकतीस वर्षं. कर्तव्य: कुंपणाच्या अलीकडचं मांस पलीकडे आणि पलीकडचं अलीकडे न जाऊ देणं, म्हणजे लाळ-खुरकत पसरत नाही. कामगिरी: सदर इसमाच्या नजरेतून संशयास्पद वस्तू, प्राणी वा व्यक्ती निसटल्याची नोंद नाही. शेरा: निवृत्तीनंतरही सवय कायम.

खात्याच्या फायलीत एवढंच होतं. गावात याहून जास्त माहिती होती. उदाहरणार्थ, त्याने एकदा खुद्द बिशपसाहेबांच्या गाडीतून वाळवलेल्या मांसाची पिशवी काढली, समोर जाळली, आणि ती जळेपर्यंत प्रार्थना म्हणायला हरकत नाही असं साहेबांना सुचवलं. सोड्याच्या पाण्यात बूट बुडवल्याशिवाय त्याने सख्ख्या सासूलाही फाटक उघडलं नव्हतं. सासूने पुढे चौदा वर्षं अबोला धरला. तो म्हणायचा, फाटकाचा एवढा फायदा दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

निवृत्त होऊन तो माचानेंगच्या अलीकडे आपल्या गावी आला तेव्हा फाटक मागे राहिलं, डोळा बरोबर आला. माणसांपेक्षा त्याचा गुरांवर जास्त संशय. गुरांवर म्हणण्यापेक्षा, त्यांच्या मूळ गावाबद्दल मालक जे सांगतात त्यावर. संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर कुणी नव्या वळूचं कौतुक सुरू केलं की हा विचारायचा, "कुठला म्हणालास?"

"शुद्ध ब्राह्मन आहे, रा." रा म्हणजे आपलं राव.

"वशिंड बघितलं. पण कानाचं काय? ब्राह्मनचा कान केळीच्या पानासारखा लोंबतो. हा तर सशासारखा उभा. त्याचे पूर्वज हिंदुस्तानातून अमेरिकेत गेले, तिथे त्यांना हे नाव मिळालं, मग ते इथे आले. एवढा प्रवास केलेल्या जनावराचे कान वाटेत आखूड झाले का?"

मग यादीच लागायची. पांढऱ्या तोंडाचं हेरफर्ड इंग्लंडातलं. गवत दिसलं की फुगतं, पण आमच्या उन्हात त्याचे डोळे चिडतात. सिमेंटाल स्विस डोंगरातलं, अंगाने दांडगं, खायला त्याहून दांडगं. दुष्काळात मालकाआधी तेच बसकण मारतं. बोन्समारा नदीपलीकडे दक्षिण आफ्रिकेत सरकारी शेतावर हिशेबाने जुळवलेलं: पाच भाग तिथलं जुनं लाल जनावर, तीन भाग इंग्रजी. आणि आपलं त्स्वाना? ठिपक्यांचं, पट्ट्यांचं, हव्या त्या रंगाचं, शिंगं फाकलेली. गोचिडांना भीक घालत नाही, काट्यांवर जगतं, आणि कुणी त्याचा फोटो काढत नाही.

तुलीवर तो विशेष चिडायचा. पिवळं, सोन्यासारखं, जन्मतःच भुंडं. "अरे, आपल्याच कळपांतली पिवळी गुरं सरहद्दीपलीकडच्या एका साहेबाने वेचली, नाव ठेवलं, कागद केले. आता आपण तीच बोली लावून विकत घेतो. आपलीच गाय! फक्त तिला आपण ओळखत नाही."

हे वाक्य तो वर्षानुवर्षं म्हणत होता, आणि लोक मान डोलवत होते.

त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी सेगोलामे नर्स होती. तिचं ओंकाबेत्सेशी लग्न ठरलं. मुलीचे वडील वारलेले. म्हणजे नवरदेवाकडून वधूमूल्य म्हणून येणारी बोगादीची गुरं पारखून "आली" म्हणायचा अधिकार मामाचा. मामा "आली" म्हणेपर्यंत लग्न नाही. मुलाकडची चिठ्ठी आली: आठ गुरं, सात बोन्समारा, एक त्स्वाना बैल.

"सात बोन्समारा," मोन्नामेत्सी चिठ्ठी उन्हाकडे धरून म्हणाला. "ज्याच्या घरावर अजून पत्रा नाही, त्याच्याकडे सात बोन्समारा."

"मामा, पत्रा आहे. मी बघितलाय," सेगोलामे म्हणाली.

"आतून?"

"मामा!"

"बरं, बरं. गुरं येऊ देत."

"आणि ऐका. तंबू सांगून झालाय, कपडे शिवून झालेत, पंधरा दिवसांनी शनिवारी लग्न आहे. पुढच्या महिन्यापासून ओंकाबेत्सेची बदली माऊनला, माझीही तिथेच झालीये, लग्न झाल्याच्या कागदावर. तुम्ही गुरांना नावं ठेवलीत तर माझी बदली जाईल, लग्न पुढच्या हिवाळ्यावर जाईल, आणि मी तुमच्याशी तुमच्या सासूबाईंसारखी वागेन. चौदा वर्षं."

मामाने डोळा बारीक केला. भाचीनेही केला. डोळा घराण्यातलाच होता.

गुरं ठरल्या दिवशी उजाडताना आली. मुलाकडचे चार पुरुष, पुढे मुलाचा थोरला काका रा मोदिसे, अंगात कोट, हातात टोपी. गुरांच्या वाड्याच्या एका बाजूला पुरुष बसले, दुसऱ्या बाजूला बायका, चुलीवर ज्वारीची पेज. बहीण, म्हणजे म्मा-सेगो, सेगोलामेची आई, नवा शेला घेऊन बसली होती. मुलाकडच्यांनी बसल्या जागी टाळ्या वाजवून नमस्कार केला. मोन्नामेत्सी उठून थेट गुरांत शिरला.

पहिल्या गाईच्या कपाळावरून त्याने हात फिरवला. दुसरीच्या. तिसरीच्या. मग पाठीवर थाप, गळ्याखालची लोंबती पोळी हातात घेऊन सोडली, खूर उचलून बघितले. त्या आठांतल्या एकमेव शिंगांच्या बैलाकडे त्याने ढुंकून बघितलं नाही.

"रा मोदिसे," तो गुरांतूनच म्हणाला, "बोन्समारा लाल असतं."

"सगळंच काही लाल नसतं, रा."

"आणि त्याला शिंगं येतात. वासरू असतानाच ती डागून काढतात. काढल्याचा वण राहतो. इथे या, हात लावा. वण आहे?"

रा मोदिसे जागचा हलला नाही.

"कपाळ वर निमुळतं. शिंगं आलीच नाहीत. रंग पिवळा. ही तुली आहेत, व्याही. सातही तुली. एकाच आईच्या वंशातली, तोंडवळा बघा की! चांगलं जनावर आहे, बोन्समाराहूनही महाग. पण तुम्ही महागाला स्वस्त म्हणालात, हे मी फाटकावर एकतीस वर्षांत एकदाही बघितलं नाही. लोक उलट करतात. म्हणून विचारतो: ही कुठून आणलीत?"

सेगोलामेने चुलीपाशी पळी खाली ठेवली. मुलाकडच्या एका तरुणाने "चोरी म्हणताय का काय?" असं काहीतरी पुटपुटलं आणि काकाने त्याचा गुडघा दाबला.

"बोन्समारा म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही," रा मोदिसे शेवटी म्हणाला. "तुली म्हटलं की कुठली, कुणाची, हे येतं. म्हणून म्हटलं. आता विचारलंत तर ऐका. बारा वर्षांमागे आमच्याकडे एक माणूस एक पिवळी भुंडी कालवड घेऊन आला. माफिसावर ठेवून घ्या म्हणाला. दूध तुमचं, वासरं मालकाची, राखणीबद्दल मालक देईल ते. मालकीचा डाग नव्हता तिच्यावर. मालकाचं नाव विचारलं तर म्हणाला, मालक सध्या नाव सांगू इच्छित नाही. त्याच वर्षी तो माणूस ट्रकखाली गेला. केफेन्त्से म्हणून होता. कुंपणावर काम करायचा. तुमच्याच खात्यात, रा. ओळखत असाल."

मोन्नामेत्सीचा हात गाईच्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला.

तो केफेन्त्सेला ओळखत होता. रात्रपाळीला दोघं एकाच चुलीवर चहा करत. आणि ती कालवड तो त्याहून जास्त ओळखत होता. वडिलांनी मरताना ती बहिणीला दिली होती. तेव्हा बहिणीचा नवरा जिवंत होता, आणि प्यायचा. मोन्नामेत्सीला संशय की तो ती महिन्याभरात विकणार. म्हणून नीट सांभाळण्यासाठी, बहिणीच्याच भल्यासाठी, त्याने ती केफेन्त्सेच्या हाती कुठेतरी लांब ठेवायला दिली. कुठे, ते विचारलं नाही. माहीत नसलेली गोष्ट तोंडातून निसटत नाही. साक्षीदार ठेवला नाही. साक्षीदारावर कोण विश्वास ठेवणार? बहिणीला सांगितलं, दुष्काळात गेली. मग केफेन्त्से गेला. गाय शोधायची तर विचारावं लागलं असतं, आणि विचारायचं तर सांगावं लागलं असतं.

"आम्ही वाट बघितली," रा मोदिसे सांगत होता. "गावच्या बैठकीत दोनदा पुकारलं. मुखिया म्हणाले, तीन वर्षं थांबा. आम्ही वर आणखी नऊ थांबलो. म्हातारी गाय मागच्या वर्षी मेली, तिचं कातडंसुद्धा ठेवलंय. ही तिची लेकरं-नातवंडं. मुखियांच्या परवानगीने आणलीत. पण आजही मालक उभा राहिला तर सगळी परत. मग लग्न पुढच्या हिवाळ्यात. आमच्याकडे दुसरं काही नाही, हेही लपवत नाही."

बायकांच्या बाजूने म्मा-सेगो उठली. कुंपणापाशी येऊन तिने जवळच्या गाईकडे बराच वेळ बघितलं.

"दादा, आबांची पिवळी अशीच होती ना?"

"तशीच," मोन्नामेत्सी म्हणाला. "पिवळी सगळी सारखीच दिसतात."

"आत्ताच म्हणालास, तोंडवळा ओळखू येतो."

"तो... एका वंशातला."

"ती दुष्काळात गेली ना?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. सेगोलामे तर पापणीही न लववता. एकतीस वर्षांत हजारो लोकांना त्याने याच जागी उभं केलं होतं: गाडीत काय आहे ते सांगा, नाहीतर मी बघतो. त्याला आठवलं की बहुतेक लोक आधी खिडकीतून लांब कुठेतरी बघत. तोही लांब कुठेतरी बघत होता. मोपानेची झाडं होती, दुसरं काही नव्हतं.

"गेली," तो म्हणाला. "दुष्काळात."

मग घसा खाकरून तो मोठ्याने म्हणाला, "ज्याने बारा वर्षांत एकदाही विचारलं नाही, तो मालक कसला? माझी चौकशी पुरी झाली. गुरं निर्मळ आहेत. आली!"

पहिला आवाज म्मा-सेगोचा. जीभ फिरवून तिने असा काही आनंदाचा नाद केला की गुरं बुजली. मग बाकीच्या बायका सुरू झाल्या. सेगोलामेने पळी उचलली. रा मोदिसेने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली, आणि मोन्नामेत्सीचे दोन्ही हात धरून म्हणाला, "तुमच्यासारखा बारकाईने बघणारा माणूस बघितला नाही, रा."

"सवय आहे," मोन्नामेत्सी म्हणाला.

लग्न शनिवारी झालं. मुलाच्या गावच्या दफ्तरात त्या बारा वर्षांच्या प्रकरणापुढे शिक्का पडला: "सखोल तपासणीअंती मालक अज्ञात. तपासणी अधिकारी: मो. रामोदी, पशुवैद्यकीय खातं (निवृत्त)." सही त्याचीच होती, नेहमीसारखी वळणदार.

रिवाजाप्रमाणे बोगादीतलं एक जनावर मामाचं असतं, आणि कोणतं ते मुलीची आई ठरवते. म्मा-सेगोने सात पिवळी आपल्याकडे ठेवली आणि भावाला शिंगांचा बैल दिला.