सुतकातला केक

बाबा गेले तेव्हा मी तोक्योत, हिगाशी-कसाई भागातल्या माझ्या खोलीत भात लावत होते. भाऊ फोनवर म्हणाला, "तू पोचेपर्यंत थांबता येणार नाही गं." नवरा पुण्यातच, त्याने तिकडचं सगळं बघितलं. माझ्या वाट्याला काय, तर फोन. काकूने बजावलं, लग्न झालेल्या लेकीला सुतक तीनच दिवस. म्हटलं, तीन तर तीन, पण पाळणार. देवापाशी दिवा नाही, गोड नाही. बघायला इथे काळं कुत्रंही नव्हतं, तरी पाळत होते.

विद्यापीठात मात्र गेले, खोलीत बसून वेड लागलं असतं. कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिथेच रडले असते.

माझा अभ्यास न्यूझीलंडचा: सुरुवातीचे गोरे आणि तिथले मूळचे माओरी यांच्यातल्या चकमकी. जुन्या पुस्तकांत एकच पालुपद, माओरींनी विनाकारण खलाशी मारले. अहो, विनाकारण कसं? ज्या खाडीत माओरींची माणसं बुडाली होती, तिथे मासे धरायचे नाहीत असा दंडक होता, आणि या पाहुण्यांनी खुशाल जाळी टाकली. 'माहीत नव्हतं' ही गोऱ्यांची सबब मी माझ्या लेखात पार खोडून काढली होती.

बाबा गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो लेख स्वीकारल्याची मेल आली. माझे सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक, केक घेऊन आले. मागून दोघी विद्यार्थिनी टाळ्या वाजवत. एकीने चमचा थेट माझ्या तोंडाशी आणला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. "नकोय मला!" मी चक्क मराठीत ओरडले. तिच्या हातातली बशी पडली. तिघंही जागच्या जागी थिजली.

मग सांगितलं. वडील वारले, आमच्यात या दिवसांत गोड खात नाहीत.

"आम्हाला माहीत नव्हतं," सेन्सेई कमरेत वाकून म्हणाले. खरंच, कुठून माहीत असणार? तोंड शिवून तर मीच बसले होते. त्यांनी केक खोक्यात परत ठेवला. म्हणाले, आमच्याकडेही घरात कुणी गेलं की त्या वर्षी नववर्षाच्या शुभेच्छा देत नाहीत. मग खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारलं, "कसे होते तुमचे वडील?"

घरचे सगळे फोनवर विचारत होते, जेवलीस का, झोपलीस का. हे कुणीच विचारलं नव्हतं. काय सांगू आणि कुठून सुरू करू? या अख्ख्या देशात बाबांना ओळखणारी मी एकटीच. टेबलावर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडले.