खिळ्याचा ओरखडा

रेडिओ केंद्रातल्या तबकडीमावशी सहसा कुणावर विश्वास ठेवत नसत, आणि का ठेवावा? गाण्यावर बंदी आली की त्याच्या तबकडीवर खिळ्याने ओरखडा ओढायचा, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी ते लावणार नाही, हे तरुणपणी त्यांचंच काम होतं. एका गाण्यातली बाई आपल्या मर्जीने घर सोडून जाते, एवढ्यावरून त्याच्या तबकडीवरही त्यांनीच ओरखडा ओढला होता.

आज नवे साहेब नेमकं तेच मागायला आले. "मावशी, केंद्राच्या वाढदिवसाला हेच लावू. काळाच्या किती पुढचं गाणं! ओरखड्यासकट लावू, लोकांना आवडेल."

मावशींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढं गोड बोलतोय म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार.

"आज डोक्यावर घेताय. उद्या कुणाला झोंबलं की माझ्यावर ढकलून मोकळे व्हाल."

"छे हो! आता आपण कशावरच बंदी घालत नाही."

"मग परवा त्या संपावरच्या नर्सबाईंचं गाणं लागलं होतं, ते पुन्हा का नाही लागलं?"

"कुठलं गाणं?" साहेबांनी कानांवर हात ठेवले.

मावशींनी समोरच्या संगणकावर शोधून पाहिलं. गाणं नव्हतं, गाणाऱ्यांची नावं नव्हती, पुसल्याची खूणसुद्धा नव्हती.

त्यांनी जुनी तबकडी साहेबांच्या हातात दिली आणि त्यांचं बोट धरून ओरखड्यावर ठेवलं.

"आमचं पाप निदान हाताला लागायचं, साहेब."